पद संपल्यावर काय बदललं? सोलापुरातून संगीत नाटक आणि ऑपेराचं परीक्षण लिहिताना

संगीत नाटकाच्या प्रयोगाबद्दल आपल्याकडे बहुतेक दोन प्रकारचं लिहिलं जातं. एकात नाटकाची गोष्ट असते आणि शेवटी कलाकारांच्या नावांची रांग. दुसऱ्यात ‘सुरेल गायनाने रसिक मंत्रमुग्ध झाले’ असतं. जो प्रयोगाला आला नव्हता त्याला यातून काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. जो आला होता त्याला स्वतःला न सुचलेलं काही सापडत नाही. आणि ज्या मुलीनं तीन महिने तालीम करून सुभद्रा उभी केली तिला आपलं काय जमलं, काय राहिलं, हे कळत नाही. या तिघांसाठी लिहायचं असतं.

मी लहानपणापासून नाटक बघत आलोय आणि संगीत नाटकावर माझा जीव आहे. सोलापुरातली काही तरुण मंडळी हल्ली विचारतात, की परीक्षण लिहायला सुरुवात कुठून करायची. त्यातल्या काहींना ऑपेरा आणि म्युझिकल या पाश्चात्त्य संगीत नाटकांचीही ओढ लागली आहे. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितोय. मात्र सगळ्या पायऱ्यांवर एकच प्रश्न हाताशी ठेवा: पद, म्हणजे नाटकातलं गाणं, सुरू होण्याआधी पात्र कुठे होतं आणि पद संपल्यावर ते कुठे पोहोचलं? गाणारा कितीही तयारीचा असो, पात्र जिथल्या तिथे राहिलं असेल तर आपण मैफल ऐकली, नाटक पाहिलं नाही.

आधी संहिता वाचा

प्रयोगाच्या निदान आठवडाभर आधी संहिता मिळवा. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयांत किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी यांची नाटकं मिळण्याची शक्यता चांगली असते. कपाटात दिसली नाहीत तर ग्रंथपालांना विचारा.

वाचताना पदांवर पेन्सिलीनं खुणा करा. जुन्या नाटकांत पदं भरपूर. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. दोन्हींत शंभराच्या वर पदं आहेत. त्या काळी प्रयोग रात्रभर चालायचे, आज तीन तासांत आटोपावे लागतात. म्हणजे कात्री लागणारच. कुठली पदं गाळली आणि कुठली ठेवली, यातून दिग्दर्शकाला नाटक कसं दिसलं ते समजतं. गाजलेली तेवढी ठेवली आणि गोष्ट पुढे नेणारी साकी-दिंडीची साधी पदं उडवली, असं बऱ्याचदा होतं. मग मधला दुवा तुटतो आणि प्रेक्षकाला वाटतं की नाटकच विस्कळीत आहे. संहिता वाचलेली असेल तर हा दोष नाटककाराचा की संपादनाचा, हे तुम्ही ठामपणे सांगू शकता.

पदांच्या डोक्यावर छापलेली ‘चाल’ही वाचा. किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. कानडी मुलखातल्या चाली त्यांच्या कानात होत्या आणि त्या त्यांनी पदांना लावल्या. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही कीर्तनातून आणि जुन्या काव्यातून आलेली घडण. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. तिथून रागदारी रंगमंचावर ठाण मांडून बसली. साठच्या दशकात पं. जितेंद्र अभिषेकी आले तेव्हा पद पुन्हा आटोपशीर झालं. हा प्रवास ठाऊक असला की ‘सौभद्र’च्या साध्या पदावर तानांचा भडिमार झाला तर तो का खटकला, ते नेमकं लिहिता येतं.

सोलापूरकराचा कान

आपल्या गावाला एक मोठी देणगी आहे आणि नवीन लिहिणाऱ्यांनी ती वापरावी. इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू ऐकू येते. पूर्व भागातल्या तेलुगू घरात वाढलेल्या मुलाला पद्यनाटकाची सवय असू शकते. तिथे हार्मोनियमच्या सुरावर पद्य म्हणत नट शेवटचा सूर लांबवतो आणि प्रेक्षक दाद देतात. अक्कलकोट-इंडीकडच्या माणसाला कन्नड कंपनी नाटकाचा ठसका माहीत असतो. मराठी संगीत नाटक बघताना या आठवणी बाजूला सारू नका. गद्य बोलता बोलता सुरात शिरण्याची कला या तिन्ही परंपरांत वेगवेगळ्या वळणानं येते. त्यांची तुलना करणारी दोन वाक्यं तुमच्या परीक्षणात आली, तर ती पुण्या-मुंबईच्या लिहिणाऱ्याला सहजासहजी सुचणार नाहीत.

‘कट्यार काळजात घुसली’मध्ये झरीना रंगवणाऱ्या फैय्याज सोलापूरच्या. त्यांच्या गाण्यात मराठी नाट्यपदाबरोबर लावणी, ठुमरी, गझल सुखानं नांदली. अशा गावात एकाच वळणाचा कान तयार होणं कठीणच.

नाट्यगृहात

हुतात्मा स्मृती मंदिर असो की फडकुले सभागृह, तिसऱ्या घंटेच्या बऱ्याच आधी जाऊन बसा. साथीदार वाद्यं लावत असतात ते ऐका. ऑर्गनवर कुठली पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, धरली आहे, तबला कुठल्या सुरात मिळवलाय, पायपेटी आहे की इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड, हे टिपून ठेवा. पुढे नटीचा आवाज वरच्या सुरावर ओढला जातोय असं वाटलं, तर कदाचित पुरुष पात्रांच्या सोयीची पट्टी तिच्या गळ्यावर लादली गेली असेल. तो दोष तिचा नव्हे.

जागा मधल्या रांगांत घ्या. अगदी पुढे बसलात तर तबला आणि ऑर्गन आवाजावर चढतात. बाल्कनीच्या खाली, मागच्या रांगांत आवाज दबून येतो. तुम्ही कुठे बसला होता हे परीक्षणात सांगायची गरज नाही, पण ‘शब्द ऐकू आले नाहीत’ असं लिहिण्याआधी दोष जागेचा की ध्वनियोजनेचा, हे मध्यंतरात मागे-पुढे जाऊन तपासा. शेजारच्या चार माणसांना विचारा.

मोबाइल बंद. टिपणं छोट्या वहीत, मोठ्या अक्षरांत, न बघता, एका पानावर चार-पाच शब्द. अंधारात वाक्यं लिहायच्या नादात समोरचं हुकतं. मी फक्त पदाचा पहिला शब्द आणि पुढे बाण लिहितो. वर जाणारा बाण म्हणजे पद संपल्यावर नाटक चढलं, आडवा म्हणजे तिथेच राहिलं, खाली म्हणजे उतरलं. घरी आल्यावर पानभर बाण बघितले की प्रयोगाचा आलेख समोर येतो.

पद ऐकावं कसं

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यायची आहे.

पदाची सुरुवात पहिल्या सुरापासून होत नाही. ती त्याआधीच्या दोन वाक्यांपासून होते. ऑर्गनवाला हळूच सूर धरतो, नट अजून गद्य बोलत असतो आणि बोलता बोलता त्याचा आवाज त्या सुराकडे सरकायला लागतो. जाणता नट हे इतक्या अलगद करतो की गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. कच्चा नट वाक्य संपवतो, थांबतो, प्रेक्षकांकडे तोंड करतो, घसा साफ करतो आणि मग गातो. तेवढ्या दोन सेकंदांत पात्र मरतं आणि गायक उरतो. पुढे कितीही गोड गायलं तरी ते पात्र परत उभं करायला वेळ लागतो. हे दोन सेकंद बघायला शिका.

मग शब्द. मैफलीत बंदिशीचा शब्द सुराआड गेला तरी चालतं. नाट्यपदात शब्द हा संवाद आहे. देवलांच्या ‘शारदा’त म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लग्न ठरवलं जातंय हे कळून शारदा हादरते आणि ते भय पदातून बाहेर पडतं. १८९९ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकाचा सगळा जीव त्या कोवळ्या मुलीच्या भीतीत आहे. तिथे गायिकेनं राग फुलवला आणि शब्द गिळले, तर प्रेक्षकाला राग मिळतो, शारदा मिळत नाही. उलट आवाज बेताचा असूनही जिनं ते शब्द घाबरून म्हटले, तिच्याबद्दल मी आदरानं लिहीन.

तानांचंही असंच. तान वाईट नाही, ती कुणाची आहे ते बघा. ‘कट्यार’मध्ये ताना हव्याच, कारण खाँसाहेब गायक आहेत, त्यांचा गर्व गळ्यातूनच दिसणार. त्या नाटकात तर एकच पद दोन घराण्यांच्या दोन ढंगांत येतं. चाल बदलली की माणूस बदलतो, एका ढंगात दुसऱ्या घराण्याच्या पंडितजींची शालीनता आणि दुसऱ्यात खाँसाहेबांचं आव्हान. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी नाटकाचा सगळा संघर्ष गाण्यातच ठेवला आणि अभिषेकींनी तो स्वरांत बांधला. १९६७ मध्ये वसंतराव देशपांड्यांनी खाँसाहेब उभे केले. त्यांचीच नक्कल आजही अनेक नट करतात. परीक्षणात ‘वसंतरावांची आठवण झाली’ एवढंच लिहू नका. आजच्या नटाला स्वतःचा खाँसाहेब सापडला की तो जुन्या ध्वनिमुद्रणाची जागा न जागा घोटून आला होता, ते लिहा. दुसरं असेल तर तसं स्पष्ट म्हणा.

वन्स मोअरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तो आपल्या रंगभूमीचा आनंद आहे आणि तो बंद पडावा असं मला वाटत नाही. बालगंधर्वांच्या काळात वन्स मोअर घेत घेत प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे आणि लोक त्यासाठीच यायचे. पण नोंद करताना तो कुठे घेतला ते बघा. ‘स्वयंवर’च्या प्रसन्न प्रवेशात घेतला तर बिघडत नाही. ‘एकच प्याला’तल्या सिंधूच्या हाल-अपेष्टांच्या प्रवेशात नटी उठून हसून नमस्कार करते आणि पुन्हा रडायला बसते, तेव्हा मला त्रास होतो आणि तो मी लिहितो. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात तर ही प्रथा कैक वर्षं बंद होती. पेरूचा टेनर ह्वान दिएगो फ्लोरेस यानं २००७ मध्ये ती मोडली तेव्हा जगभर बातमी झाली.

साथीदारांना परीक्षणात एक ओळ मिळते आणि तीही शेवटी, हे बदला. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा बसत. साथीचं मोल त्या काळच्या मालकांना ठाऊक होतं. नट शब्द विसरला तेव्हा ऑर्गननं मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, पुन्हा वाजवून त्याला सावरून घेतलं का? लय ओढली गेली तेव्हा तबल्यानं धरून ठेवली का? हे टिपा आणि नावासकट लिहा. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश यांच्याबद्दल जे खरोखर लक्षात राहिलं तेवढंच लिहा, प्रत्येकाला एकेक वाक्य वाटत बसू नका.

आता ऑपेरा

सोलापुरात ऑपेरा येत नाही. मग बघायचा कसा? घरी बसून बघायचा तर ऑपेराव्हिजन या संकेतस्थळावर युरोपातल्या नाट्यगृहांचे पूर्ण प्रयोग फुकट आणि उपशीर्षकांसह असतात. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कला केंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवले गेले आहेत आणि २००६ मध्ये तिथेच सुरू झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं प्रत्यक्ष ऑपेराही केले आहेत. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघालात तर सकाळी मुंबईत. एकदा तरी हा प्रवास करा, कारण माइकशिवाय माणसाचा गळा वाद्यवृंदाच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचतो, हे पडद्यावर कळत नाही. पडद्यावरच्या प्रयोगात माइक गायकाच्या जवळ असतो. म्हणून पडद्यावर बघून लिहिताना ‘आवाज भारदस्त होता’ असं लिहू नका, ते तुम्हाला कळूच शकत नाही. सूर, शब्द, अभिनय, कॅमेऱ्याची निवड यांवर लिहा आणि पडद्यावर बघितल्याचं पहिल्या परिच्छेदातच सांगा.

संगीत नाटकाच्या माणसानं सुरुवात मोत्सार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’पासून करावी असं मी सांगतो. १७९१ मध्ये व्हिएन्नात आलेल्या या ऑपेरात मधे मधे साधं गद्य आहे, म्हणजे आपल्या ओळखीची गद्य-पद्याची वीण. त्यानंतर बिझेचा ‘कारमेन’, व्हेर्दीचे ‘रिगोलेत्तो’ आणि ‘ला त्राव्हियाता’, पुचिनीचा ‘ला बोएम’. बहुतेक इटालियन ऑपेरांत गद्य नसतंच, संवादही सुरात. जे बोलल्यासारखं गायलं जातं ते रेसिटेटिव्ह, आणि जिथे गोष्ट थांबून मन उघडं होतं ती आरिया. आपल्या भाषेत सांगायचं तर गद्य आणि पद. आवाजांची नावं पाठ करा: सोप्रानो स्त्रीचा सर्वांत चढा आवाज, मेझो त्याखालचा, टेनर पुरुषाचा चढा, बॅरिटोन मधला, बास खर्जातला. वाचकाला ही नावं देताना पहिल्यांदा अर्थ सांगा, मग मोकळेपणानं वापरा.

आपल्या कानाला सुरुवातीला तो थरथरता, मोठा आवाज परका वाटतो. त्यावर ‘कृत्रिम’ असा शिक्का मारून मोकळं होऊ नका. माइक नसताना, साठ-सत्तर वाद्यांच्या वर शब्द न्यायचा तर गळा तसाच घडवावा लागतो. चार-पाच ऑपेरा पूर्ण ऐका, मग मत बनवा. मींड, तान, राग यांच्या मापानंही तो मोजू नका. त्यांच्याकडे जी गोष्ट आहे ती आपल्या नाट्यपदात नाही: एकाच वेळी चार माणसं चार वेगळ्या गोष्टी गातात आणि चारही कळतात.

‘रिगोलेत्तो’च्या शेवटच्या अंकात खानावळीत ड्यूक एका बाईला भुलवतोय, ती त्याला हसण्यावारी नेतेय. बाहेर अंधारात रिगोलेत्तोची मुलगी गिल्डा आपला प्रियकर, म्हणजे हाच ड्यूक, काय करतोय ते भिंतीच्या फटीतून बघतेय आणि शेजारी उभा बाप सूडाचा विचार करतोय. चौघांचं गाणं एकाच वेळी चालू असतं. गद्य नाटकात चौघं एकदम बोलले तर गोंगाट होईल. याच अंकात ड्यूकचं ते जगभर गाजलेलं उडतं गाणं आहे. पुढे रिगोलेत्तो ड्यूकचं प्रेत समजून एक पोतं नदीत टाकायला निघतो आणि दुरून तेच गाणं ऐकू येतं. ड्यूक जिवंत आहे, मग पोत्यात कोण? एका चालीनं सगळी गोष्ट उलटवली. पद संपल्यावर काय बदललं, या प्रश्नाचं याहून सुंदर उत्तर मला सापडलेलं नाही. इथे आवाज कुठून आला, किती दुरून आला, बॅरिटोनचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, यावर तुम्ही अर्धं परीक्षण लिहिलंत तरी चालेल.

जिथे हा प्रश्न लागू पडत नाही

सगळ्याच नाटकांना गाणं पात्राच्या मनातून उगवावं असं वाटत नाही. बेर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचा ‘थ्रीपेनी ऑपेरा’ १९२८ मध्ये बर्लिनला आला. त्याचा मूळ आधार जॉन गे यांचा १७२८ चा ‘बेगर्स ऑपेरा’. ब्रेख्तला गाणं गोष्टीत विरघळायला नको होतं. गाणं आलं की प्रेक्षकानं गोष्टीतून बाहेर येऊन विचार करावा, ही त्याची मागणी. पु. ल. देशपांड्यांनी त्याचं ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं आणि थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेसाठी १९७८ मध्ये ते बसवलं डॉ. जब्बार पटेल यांनी, ज्यांचं शालेय शिक्षण आपल्या सोलापुरात झालं. त्यात अंक्याच्या भूमिकेत नंदू भेंडे पाश्चात्त्य रॉकच्या ढंगात गात आणि बाकीच्यांच्या तोंडी मराठी मातीतली गाणी असत. दोन संगीतं मुद्दाम एकमेकांना खेटून ठेवली होती.

‘घाशीराम कोतवाल’मध्येही माणसांची ती झुलती भिंत गाते तेव्हा कुणा एका पात्राचं मन उघडत नाही. तिथे भजन आणि लावणी एकमेकांवर आदळतात आणि ढोंग उघडं पडतं. अशा नाटकात प्रश्न बदला: गाण्यानं मला काय विचार करायला लावलं? ‘गाणी कथानकाशी एकरूप झाली नाहीत’ अशी तक्रार इथे केलीत तर नाटक काय करत होतं तेच निसटलं.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे आणि लंडनच्या वेस्ट एंडवरच्या म्युझिकलबद्दल थोडक्यात. तिथे प्रत्येकाला माइक असतो, गाण्याइतकाच नाच महत्त्वाचा असतो आणि आठवड्याला बहुधा आठ प्रयोग होतात, म्हणून रोजची अचूकता हाच मोठा गुण. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ २०२३ मध्ये मुंबईत आलं तसे परदेशी प्रयोग आता अधूनमधून येतात. बघताना दिपून जाणं सोपं आहे. फिरता रंगमंच आणि रोषणाई वजा करून काय उरतं ते लिहा. मराठीत ‘लेकुरे उदंड झाली’नं कमी सामग्रीत, बोलता बोलता गाण्यात शिरून हा बाज पकडला होता. ते नाटक वाचून गेलात तर तुलनेला आधार मिळेल.

लिहायला बसताना

त्याच रात्री कच्चा मजकूर उतरवा. चार बाण आणि दहा शब्दांचा अर्थ दुसऱ्या दिवशी दुपारी लागत नाही. पक्का मजकूर मात्र सकाळी.

सुरुवात एका क्षणानं करा, ज्यात प्रयोगाचं बळ किंवा दुखणं दिसलं. नाटककाराचं चरित्र आणि पहिल्या प्रयोगाची तारीख यांनी सुरुवात केलीत तर वाचक तिथेच गळतो. ती माहिती जिथे लागेल तिथे द्या. गोष्ट चार वाक्यांत. मग दोन किंवा तीन पदं निवडा, जास्त नको, आणि त्यांच्यावर सविस्तर लिहा.

‘अप्रतिम’, ‘सुरेख’, ‘दाद मिळवून गेले’ ही विशेषणं लिहून झाली की खोडा आणि त्या जागी जे ऐकलं ते लिहा. समजा, मनात आलं: ‘सुभद्रेच्या भूमिकेत नवोदित अभिनेत्रीने गायनाची चुणूक दाखवली.’ त्याऐवजी असं लिहा: ‘सुभद्रा हताश होऊन कुणाला शरण जाऊ असं विचारते त्या पदात तिनं अंतरा मुद्दाम हळू घेतला. दुसऱ्यांदा मुखड्यावर येताना आवाज जवळजवळ पुटपुटण्याइतका खाली आणला. नाट्यगृह शांत झालं. पुढच्या आनंदाच्या पदात मात्र तिला तेच दुःख झटकता आलं नाही.’ जे जमलं ते वाचकाला ऐकू येतं, जे राहिलं ते तिला कळतं, आणि कुणाला लागेल असं काही नाही.

रागाचं नाव खात्री असेल तरच द्या. ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ यमन आहे हे सांगायला हरकत नाही, पण नुसतं नाव सांगून थांबू नका. यमनचा तो प्रसन्नपणा रुक्मिणीच्या ठाम निवडीला कसा शोभतो ते सांगितलं, तर राग न कळणाऱ्यालाही काही हाती लागतं.

शरीरावर, वयावर, रंगावर लिहायचं नाही. ‘ला त्राव्हियाता’ १८५३ मध्ये व्हेनिसला पहिल्यांदा झाला तेव्हा क्षयानं मरणाऱ्या नायिकेच्या भूमिकेतली गायिका अंगानं भरलेली आहे म्हणून प्रेक्षक हसले. पुढच्याच वर्षी त्याच शहरात त्या ऑपेराला यश मिळालं आणि आज तो जगभर होतो. ‘कारमेन’ला १८७५ मध्ये पॅरिसच्या परीक्षकांनी अनैतिक ठरवलं आणि तीन महिन्यांनी बिझे वारला. पुढे त्याचं नाव किती मोठं झालं ते त्याला कधीच कळलं नाही. म्हणून विषय आवडला नाही तर तसं म्हणा, पण त्या नावडीचा निकाल संगीतावर लावू नका.

ओळखीच्या माणसांबद्दल लिहिणं

आपल्याकडचे बरेचसे प्रयोग हौशी. राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारा नट दिवसा बँकेत, शाळेत किंवा कारखान्यात असतो, संध्याकाळी तालमीला येतो. दुसऱ्या दिवशी तो तुम्हाला नवी पेठेत भेटणार. ‘काय हो, फारच लिहिलंत’ असं म्हणणार. ही अडचण खरी आहे आणि तिच्यातून पळवाट म्हणून सगळ्यांचं कौतुक केलं जातं. त्यानं कुणाचंच भलं होत नाही. संगीत नाटकाला तरुण प्रेक्षक मिळायला हवा असेल तर वाईट प्रयोगाला चांगला म्हणून त्यांना बोलावू नका. ते एकदा फसतात, पुन्हा येत नाहीत.

मी काही गोष्टी पाळतो. तिकीट स्वतःच्या पैशानं काढतो. पास घेतलाच तर तसं लिहितो. नात्यातला किंवा रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस भूमिकेत असेल तर त्या प्रयोगावर लिहीत नाही. हौशी आणि व्यावसायिक यांना वेगळ्या मापानं मोजतो, पण सूर दोघांचाही लागलाच पाहिजे. ज्येष्ठ गायकाचा आवाज आता थकला असेल तर थकल्याचं लिहितो आणि त्या थकल्या आवाजात शब्दाचं वजन कसं टिकून होतं तेही लिहितो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या चुका नाव घेऊन लिहीत नाही, दिग्दर्शकाला उद्देशून लिहितो.

जॉर्ज बर्नार्ड शॉ नाटककार म्हणून गाजण्याआधी लंडनच्या वर्तमानपत्रांत टोपणनावानं संगीताची परीक्षणं लिहायचा. तुम्ही टोपणनाव घ्यायचा मोह टाळा. मोठ्या शहरात ते चालून जातं. आपल्या गावात दोन दिवसांत कळतं आणि मग नावानिशी बोललेलं बरं होतं असं वाटतं.

प्रसिद्ध झाल्यावर

एक जाड वही करा आणि प्रत्येक प्रयोगाला त्यात एक पान द्या: तारीख, नाट्यगृह, संस्था, भूमिका आणि नावं, साथीदार, गाळलेली पदं, लक्षात राहिलेली दोन पदं. तेच नाटक पाच वर्षांनी दुसऱ्या संस्थेनं केलं की हे पान उघडा. तेव्हा तुमच्याजवळ आठवणीऐवजी पुरावा असेल. आज हौशी संस्थांच्या प्रयोगांच्या नोंदी कुणीच नीट ठेवत नाही. ती जबाबदारी ओघानं परीक्षण लिहिणाऱ्यावरच येते.

कलाकाराचा फोन आला तर ऐकून घ्या. त्याचं म्हणणं पटलं नाही तरी ‘ते पद मी असं का घेतलं’ हे त्याच्या तोंडून ऐकायला मिळालं तर वहीत उतरवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतं. मतावर टिकून राहा. नाव, पदाचा क्रम, साथीदार यांत चूक दाखवली तर ती त्याच दिवशी दुरुस्त करा आणि दुरुस्ती केल्याचं मजकुराखाली तारखेसह लिहा.